बोट कुठं थांबतं

म्हापशात, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत,
कुलर दुरुस्तीच्या दुकानावर आमचं ऑफिस.
मी बातम्यांचे फोटो निवडते.
पगार वेळेवर होतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

सकाळी सातला पडद्यावर कालचा हिशोब येतो,
कुठला फोटो किती जणांनी उघडला.
आणि हल्ली एक नवी सोय आलीय:
उघडल्यावर कुणाचं बोट कुठं थांबलं,
काय मोठं करून पाहिलं, तेही तांबड्या डागांत दिसतं.
अंगावर गोवर उठल्यासारखे दिसतात फोटो.

साखळीला गवा आला सोनाराच्या दारात.
एक लाख चौदा हजार.
डाग गव्यावर नाहीत,
मागच्या काचेतल्या हारावर आहेत,
आणि हाराखालच्या किमतीच्या चिठ्ठीवर.

पुलाच्या उद्घाटनाची रिबीन कुणीच पाहत नाही.
तिसऱ्या रांगेत टाचा उंचावून उभा असलेला
आपला मेव्हणाच का तो, हे पाहतात.

पर्वरीच्या हायवेवरचा अपघात.
चेहरा आम्ही धूसर केला होता, नियमाप्रमाणे.
नेमकी तिथंच सगळी बोटं,
घासून घासून धुकं निघेल अशी.
त्यातला एक डाग माझा.
घरच्या फोनवरून, रात्री,
डाव्या हातानं, उजवा उष्टा होता म्हणून.

कुंकळयेकर बाब म्हणतात, लोकांना हवं ते द्या.
आधी मला लोक म्हणजे एकच माणूस वाटायचा,
पोट सुटलेला, उताणा, तोंड उघडं.
आता तसं चित्र डोळ्यांपुढं येत नाही.
येतं ते काय, हेही सांगता येत नाही.

चोडणचा बांध फुटला तेव्हा
रुझार पोंबुर्फ्याची पहिली फेरीबोट पकडून गेला.
मांडीभर चिखलात दोन तास उभा.
मानशीचं दार मोडलेलं,
खाजनात खारं पाणी, भाताची नुसती शेंडी वर,
आणि आभाळ एवढं स्वच्छ की राग यावा.
दोनशे बारा.
त्याच दिवशी कळंगुटचा गॉगलवाला कुत्रा
नव्वद हजारांच्या वर.
मी रुझारला आकडे वाचून दाखवले.
तो म्हणाला, "सुण्याक चश्मो बरो दिसता गो,"
आणि बॅटरी चार्जिंगला लावून
खाली चहा प्यायला गेला.

महिनाअखेरीस मी सहज खोदून पाहिलं.
दोनशे बारांपैकी एकशे शहाण्णव वेळा
एकाच फोनवरून.
बहारीन. आपले अडीच, तिथले रात्रीचे बारा.
रोज. रविवारी दोनदा.

"मशीन असतलें," कॉम्प्युटरवाला तेजेश म्हणाला,
"माणूस एवढं कशाला बघेल चिखलाकडं?"
असेलही.
पण मशीनचं बोट असं एका जागी थांबतं का?
डाग एकच होता, गडद,
डाव्या कोपऱ्यात, बांधाच्या तुटल्या कडेला,
जिथं एक निळी बादली उपडी पडलीय.

"बादली? थंय बादली नाशिल्ली," रुझार म्हणाला.
"मी दोन तास उभा होतो. पाणीच होतं नुसतं."
मग वाकला, चष्मा कपाळावर सरकवला,
आणि आम्ही दोघांनी ती मोठी करून पाहिली,
कडी तुटलेली, कडीच्या जागी सुंभ.
बराच वेळ पाहिली.
आमचाही डाग पडला असणार तिथं.

अहवालात मी चोडणपुढं लिहिलं: प्रतिसाद कमी.
त्या रकान्यात फक्त आकडा मावतो.

बादली कुणाची ते विचारायला
जायला हवं कुणीतरी.
फेरीबोटीला पैसेही पडत नाहीत.
रुझारला म्हटलं, तर तो बॅग खांद्याला लावत होता.
कळंगुटला निघालाय,
कुत्र्याला आता टोपीही घातलीय म्हणे.